राजमुखाच्या जागी स्वातंत्र्य : आरंभकालीन अमेरिकन नमुना नाण्यांचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

नाणे हे विनिमयाचे साधन आहे, तसेच ते राज्यसंस्थेने प्रजेच्या हाती दिलेले एक लहानसे विधानही आहे. कायदा वाचणारे थोडे असतात, राज्यघटना वाचणारे त्याहूनही थोडे. परंतु नाणे सर्वांच्याच हातून फिरते. म्हणूनच त्यावर कोणाचे मुख असावे, कोणते शब्द असावेत आणि कोणते चिन्ह असावे, हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाही. राजेशाहीत या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. दर्शनी बाजूस राजाचे मुख व नाव, मागील बाजूस राजचिन्ह, अशी तिची रूढ मांडणी असते. एखादे राष्ट्र राजाला नाकारून उभे राहते, तेव्हा मात्र नाण्याची दर्शनी बाजू एकाएकी रिकामी होते. ती कशाने भरावी, हा अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुढे उभा राहिलेला प्रश्न होता.

या प्रश्नाची उत्तरे शोधण्याच्या प्रक्रियेत १७८३ ते १७९२ या काळात जी नमुना नाणी तयार झाली, त्यांच्या रचनेची व मुद्रालेखांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नमुना नाणी ही टांकसाळीच्या इतिहासातील अपुरी राहिलेली कामे नसून नव्या प्रजासत्ताकाने स्वतःशी केलेल्या वादाची धातूवरील टिपणे आहेत, अशी लेखाची भूमिका आहे. प्रत्यक्ष चलनात आलेल्या नाण्यांवर या वादाचा केवळ निकाल दिसतो. वादातील युक्तिवाद मात्र नमुन्यांवरच वाचावा लागतो.

नमुना नाणे : संकल्पना व अभ्यासाची दिशा

एखादी रचना, धातू, वजन अथवा मूल्य प्रत्यक्ष चलनासाठी स्वीकारण्यापूर्वी पडताळून पाहण्याकरिता मोजक्या संख्येने पाडलेले नाणे म्हणजे नमुना नाणे होय. ग्रंथाच्या हस्तलिखितात जसे खोडलेले शब्द आढळतात, तशी नमुना नाण्यांत नाकारलेली चित्रे आढळतात. अमेरिकन नमुना नाण्यांची पद्धतशीर सूची करण्याचे श्रेय प्रथम एडगर अ‍ॅडम्स व विल्यम वुडिन यांना (१९१३) आणि पुढे जे. ह्युइट जड यांना (१९५९) दिले जाते. जड यांनी दिलेले क्रमांक आजही संग्राहकांत रूढ आहेत. २०१७ मध्ये पीट स्मिथ, जोएल ओरोझ व लिओनार्ड ऑग्सबर्गर यांनी १७९२ या एकाच वर्षाच्या नाण्यांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

या विषयावरील बरेचसे लेखन तीन प्रश्नांभोवती फिरते : किती प्रती उरल्या आहेत, त्यांची स्थिती कशी आहे आणि त्यांना लिलावात किती किंमत आली. संग्राहकाच्या दृष्टीने हे प्रश्न स्वाभाविक आहेत. तथापि दुर्मीळता हा नाण्याचा गुण नसून कालौघात त्याच्या वाट्याला आलेला योगायोग आहे. एखादी रचना चांगली की वाईट, ती काय सांगते आणि जे सांगते ते सत्य आहे काय, हे प्रश्न प्रतींची संख्या मोजून सुटत नाहीत.

रचनेच्या मूल्यमापनासाठी बाहेरून निकष आणण्याचीही गरज नाही. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९१ मध्ये सादर केलेल्या टांकसाळविषयक अहवालात तो सापडतो. नाण्यांवरील चिन्हे ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही, त्यांच्याद्वारे लोकांच्या मनावर उपयुक्त संस्कार घडविता येतात. ती प्रतीकात्मक असावीत, परंतु साधेपणा सोडून नसावीत, असा त्यांचा अभिप्राय होता. संस्कार आणि साधेपणा या दोन कसोट्यांवरच पुढील नाणी तपासावयाची आहेत.

मुखाविना नाणे : १७८३ चे नमुने

पहिले उत्तर मुखच नको असे होते. १७८३ मध्ये अर्थअधीक्षक रॉबर्ट मॉरिस यांच्या कार्यालयात दशमान पद्धतीच्या नाण्यांची एक योजना आकारास आली. तिचे मुख्य शिल्पकार त्यांचे सहायक गव्हर्नर मॉरिस होते (येथे ‘गव्हर्नर’ हे पद नसून त्यांचे नाव आहे). नमुने पाडण्याचे काम बेंजामिन डडली यांनी केले. या नाण्यांच्या दर्शनी बाजूस मधोमध एक डोळा, त्यातून निघणारे किरण आणि सभोवती तेरा तारे आहेत. मुद्रालेख ‘नोवा कॉन्स्टेलातिओ’, म्हणजे नवे नक्षत्रमंडळ. मागील बाजूस पानांच्या चक्रात मूल्य आणि सभोवती ‘लिबेर्तास युस्तितिया’, म्हणजे स्वातंत्र्य व न्याय, हे लॅटिन शब्द आहेत. १४ जून १७७७ च्या ध्वजविषयक ठरावात तेरा ताऱ्यांना नव्या नक्षत्रमंडळाची उपमा दिलेली होती. तीच येथे नाण्यावर उतरली.

रचना म्हणून हे नमुने देखणे आहेत. सममिती, रिकाम्या जागेचा संयत वापर आणि चिन्हांची मितव्ययी मांडणी यांमुळे साधेपणाच्या कसोटीवर ते उतरतात. परंतु त्यांच्यामागील गणित तितकेच अवघड होते. प्रत्येक संस्थानातील निरनिराळ्या पेन्स-शिलिंगांचा हिशेब अपूर्णांकाशिवाय जुळावा म्हणून डॉलरचा १,४४० वा भाग हे एकक मानण्यात आले होते. शंभर एककांचा ‘बिट’, पाचशेंचा ‘क्विंट’ आणि हजारांचा ‘मार्क’ अशी श्रेणी होती. थॉमस जेफरसन यांनी १७८४ मध्ये या एककावर घेतलेला आक्षेप मार्मिक आहे. डॉलरच्या विसाव्या भागाला मिळणाऱ्या पावाची किंमत ७२ एकके, डॉलरच्या पाचव्या भागाला मिळणाऱ्या पौंडभर लोण्याची २८८ एकके आणि ८० डॉलरच्या घोड्याची तब्बल १,१५,२०० एकके होईल, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या हिशेबासाठी बाजारात प्रत्येक वेळी पाटी-पेन्सिल काढावी लागेल, तो हिशेब सामान्य माणसाचा नव्हे, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. जुलै १७८५ मध्ये काँग्रेसने डॉलर हेच एकक मान्य केले आणि १७८३ ची मालिका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या प्रतींपुरती उरली.

गणिताबरोबर चित्रही बाजूला पडले, ही बाब अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यावयास हवी. डोळा आणि नक्षत्रमंडळ ही ज्ञानी वर्तुळातील चिन्हे होती आणि त्यांवरील शब्द लॅटिन होते. ज्याला ती भाषा अवगत नव्हती त्याच्यासाठी हे नाणे मुकेच होते. साधेपणा होता, पण संस्कार पोहोचण्याची वाट अरुंद होती.

याउलट १७८७ च्या ‘फ्युजिओ’ सेंटवर सूर्य, सूर्यघटिका आणि ‘माइंड युअर बिझनेस’ हे रोकडे इंग्रजी शब्द आले. मागील बाजूस तेरा कड्यांची गुंफण व ‘वी आर वन’, म्हणजे आम्ही एक आहोत, असे घोषवाक्य होते. ही रचना बेंजामिन फ्रँकलिन यांच्या कल्पनेशी जोडली जाते व १७७६ च्या कागदी चलनावर ती आधीच आलेली होती. वेळ निसटत आहे, आपापल्या कामास लागा, हा तिचा उपदेश. हे नाणे नमुन्यापुरते न राहता कंत्राटाद्वारे चलनात आले. मात्र कंत्राटदार जेम्स जार्विस यांच्याकडून ठरलेल्या मालाचा अल्प अंशच हाती आला. येथेही मुख नाही. परंतु नाण्याने सामान्य माणसाच्या भाषेत बोलावे, हा नवा विचार आहे. पुढे १७९२ च्या नमुन्यांत याच विचाराचा विस्तार झाला.

अध्यक्षांचे मुख : एक नाकारलेला मार्ग

१७८९ मध्ये नव्या राज्यघटनेनुसार जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले आणि रिकाम्या जागेसाठी एक उमेदवार आयताच उपलब्ध झाला. १७९२ च्या आरंभी सिनेटने संमत केलेल्या टांकसाळ विधेयकात नाण्याच्या दर्शनी बाजूस विद्यमान अध्यक्षांचे मुख, नावाचे आद्याक्षर, आडनाव आणि अध्यक्षपदाचा अनुक्रमांक असावा, अशी तरतूद होती. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरचे कारागीर पीटर गेट्झ यांच्या १७९२ च्या नमुन्यावर ही तरतूद जवळजवळ शब्दशः साकार झाली आहे. लष्करी गणवेशातील वॉशिंग्टन आणि सभोवती ‘जी. वॉशिंग्टन प्रेसिडेंट’ व रोमन अंकातील एक. मागील बाजूस गरुड आणि देशाचे नाव.

या नमुन्यातील कारागिरी नेटकी आहे. परंतु त्याची मांडणी ब्रिटिश नाण्याहून कितपत निराळी आहे, असा प्रश्न विचारताच त्यातील उणीव उघडी पडते. नाव, पद आणि अनुक्रमांक हा राजवंशाचाच साचा होय. केवळ जॉर्ज तिसरा याच्या जागी जॉर्ज पहिला आला.

मार्च १७९२ मध्ये प्रतिनिधिगृहात यावर वाद झाला. व्हर्जिनियाचे जॉन पेज यांनी अध्यक्षांच्या मुखाऐवजी स्वातंत्र्याची प्रतीकात्मक मुद्रा असावी, अशी दुरुस्ती मांडली. मुख कोरण्याची प्रथा राजेशाहीची आहे. शिवाय आजचे अध्यक्ष कितीही थोर असले तरी त्यांच्या वारसदारांविषयी तसेच समाधान वाटेल असे नाही, हा त्यांचा मुद्दा होता. न्यू हॅम्पशायरचे सॅम्युअल लिव्हरमोर यांनी दुरुस्तीची टर उडविली. स्वातंत्र्याची आकृती कशी असते हे आपणास ठाऊक नाही, अध्यक्ष हेच स्वातंत्र्याचे उत्तम प्रतीक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर प्रतिनिधिगृहाची दुरुस्ती टिकली. २ एप्रिल १७९२ च्या टांकसाळ कायद्याने दर्शनी बाजूस स्वातंत्र्याचे प्रतीक, ‘लिबर्टी’ हा शब्द व वर्ष, तर सोन्याचांदीच्या नाण्यांच्या मागील बाजूस गरुड व देशाचे नाव बंधनकारक केले.

लिव्हरमोर यांचा पक्ष हरला. परंतु त्यांचा प्रश्न टीकादृष्ट्या मोलाचा होता. माणसाचे मुख ओळखता येते, कल्पनेचे मुख कसे ओळखावे? कायद्याने शब्द दिला, पण चेहरा दिला नाही. तो शोधण्याची जबाबदारी साचे कोरणाऱ्यांवर आली आणि १७९२ चे नमुने म्हणजे या शोधाचीच नोंद आहे.

१७९२ चे नमुने : चेहरा आणि वाक्य

कायदा झाल्यानंतर टांकसाळ राज्यसचिव जेफरसन यांच्या अखत्यारीत आली आणि खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाऊस तिचे पहिले संचालक झाले. टांकसाळीची इमारत उभी राहण्यापूर्वीच, जुलै १७९२ मध्ये, फिलाडेल्फियातील जॉन हार्पर यांच्या तळघरात पंधराशे ‘हाफ डिस्म’ पाडण्यात आले. जेफरसन यांच्या टिपणांनुसार त्यासाठी ७५ डॉलरची चांदी ११ जुलै रोजी देण्यात आली आणि १३ जुलै रोजी नाणी हाती आली. ‘डिस्म’ म्हणजे दशांश. हा जुना फ्रेंच शब्द कायद्यातच योजलेला होता. या नाण्याला नमुना म्हणावे की चलनातील पहिले नाणे, याविषयी मतभेद आहेत. ६ नोव्हेंबर १७९२ च्या अभिभाषणात वॉशिंग्टन यांनी त्याचा उल्लेख नाणेनिर्मितीचा अल्पसा आरंभ असा केला असून सुट्या नाण्यांच्या टंचाईचे कारण दिले आहे. उपलब्ध प्रतींपैकी अनेक झिजलेल्या आहेत. झीज ही व्यवहारात फिरल्याची साक्ष असल्याने त्याला निव्वळ नमुना म्हणणे कठीण आहे.

हाफ डिस्म, त्याच्या जोडीचा डिस्म, ‘रौप्यमध्य’ सेंट आणि बर्च यांच्या नावाचा सेंट या चार नाण्यांत एक समान सूत्र आहे. चारही नाण्यांवर मोकळ्या केसांची स्त्री आहे आणि चारही नाण्यांवर, कोठे पूर्ण तर कोठे संक्षिप्त रूपात, एकच वाक्य आहे : ‘लिबर्टी पेरेंट ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री’. हाफ डिस्मवरील चेहरा मार्था वॉशिंग्टन यांचा असल्याची दंतकथा प्रचलित आहे. प्रतिनिधिगृहाने अध्यक्षांचे मुख नाकारले, आणि लोककल्पनेने त्यांच्या पत्नीला मागच्या दाराने आत आणले, एवढाच तिचा अर्थ. माणसांना नाण्यावर ओळखीचे मुख हवे असते, हे लिव्हरमोर यांचे निरीक्षण तिच्यामुळे खरे ठरते.

रौप्यमध्य सेंटची कथा रचनेपेक्षा मूल्याची आहे. कायद्याने सेंटसाठी २६४ ग्रेन तांबे ठरविले होते. नाण्याचा धातू त्याच्या मूल्याइतका असावा, या तत्त्वामुळे ते बोजड होत होते. मुख्य नाणेकार हेन्री फॉइग्ट यांच्या कल्पनेनुसार पाव सेंट मूल्याच्या तांब्यात पाऊण सेंट मूल्याची चांदीची खुंटी मधोमध बसविण्यात आली. जेफरसन यांनी १८ डिसेंबर १७९२ रोजी वॉशिंग्टन यांना असे नमुने पाठविले व काँग्रेसने ठरविलेला सेंट याच्या चौपट मोठा होईल, हेही कळविले. कल्पना चतुर होती. परंतु प्रत्येक सेंटला भोक पाडून खुंटी ठोकणे टांकसाळीला परवडणारे नव्हते. जानेवारी १७९३ मध्ये वजनच २०८ ग्रेनवर आणण्यात आले आणि प्रश्न सोपा झाला. तरीही या नाण्याकडे पाहताना एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. चांदीची ती खुंटी स्वातंत्र्याच्या मुखावरच येते. मूल्य कोठे आहे, या प्रश्नाचे इतके रोखठोक चित्र नाणकशास्त्रात क्वचितच आढळेल.

बर्च सेंट हा रचनेच्या दृष्टीने या गटातील सर्वांत परिपक्व नमुना होय. चेहऱ्यावर सौम्य, काहीशी विचारमग्न छटा आहे, अक्षरांची मांडणी मोकळी आहे आणि मानेच्या कापावर कोरणाऱ्याचे नाव आहे. त्याच्या कडेवर मजकूर आहे : ‘टू बी एस्टीम्ड बी यूसफुल’, म्हणजे मान हवा असेल तर उपयोगी व्हा. हा उपदेश नाण्याला आहे की नागरिकाला, हे संदिग्ध आहे आणि त्या संदिग्धतेतच त्याची गोडी आहे. पांढऱ्या धातूतील एका अद्वितीय प्रतीवर मागील बाजूस वॉशिंग्टन व अध्यक्षपद यांची आद्याक्षरे आहेत. दर्शनी बाजू स्वातंत्र्याला देऊन अध्यक्षांना मागे तरी जागा मिळावी, अशी ही तडजोड दिसते. ती पुढे सरकली नाही.

२०१५ मध्ये बर्च सेंटची एक प्रत लिलावात पंचवीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. उपयोगी होण्याचा उपदेश करणारे नाणे उपयोगात न आल्यामुळेच इतके मौल्यवान ठरले, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

मुद्रालेखाची चिकित्सा

या नमुन्यांचा खरा गाभा त्यांवरील वाक्यात आहे. त्यातील तिन्ही संज्ञा आज निराळ्या अर्थाने वाचल्या जाण्याचा संभव असल्याने त्यांचा उलगडा आवश्यक आहे. ‘सायन्स’ म्हणजे तत्कालीन वापरात केवळ भौतिकशास्त्रादी विषय नव्हेत, तर व्यापक अर्थाने विद्या. ‘इंडस्ट्री’ म्हणजे कारखानदारी नव्हे, तर उद्यमशीलता. मराठीतील ‘उद्योग’ या शब्दाची वाटचाल याच धर्तीची आहे. ‘उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी’ या म्हणीतील उद्योग हा गिरणीचा उद्योग नव्हे, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. ‘पेरेंट’ हा शब्दही लक्षणीय आहे. चित्र स्त्रीचे असूनही वाक्यात ‘माता’ म्हटलेले नाही. तेव्हा त्या वाक्याचा आशय ‘विद्या आणि उद्यम ही स्वातंत्र्याची अपत्ये होत’ असा मांडता येतो.

जेफरसन यांनी मार्च १७८९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष जोसेफ विलर्ड यांना लिहिलेल्या पत्रात स्वातंत्र्याला विद्या आणि सद्गुण यांचे जनक म्हटले होते. नाण्यावरील वाक्य त्याच वळणाचे आहे. मात्र ‘सद्गुणा’च्या जागी ‘उद्यम’ आला आहे. हा बदल लहान नाही. सद्गुण हे नागरिकाच्या चारित्र्याचे मूल्य आहे, उद्यम हे त्याच्या श्रमाचे. बाजारात फिरणाऱ्या वस्तूवर श्रमाचा उल्लेख अधिक शोभतो, हे मान्य करूनही त्यामुळे वाक्याची परीक्षा अधिक कठोर होते, असे म्हणावे लागते. कारण श्रम दिसतो, मोजता येतो आणि तो कोण करतो हेही विचारता येते.

१७९० च्या जनगणनेनुसार या देशात सुमारे सात लाख माणसे गुलामगिरीत होती. त्यांचा श्रम देशाच्या संपत्तीचा एक मोठा आधार होता आणि तो स्वातंत्र्याचे अपत्य नव्हता. टांकसाळ ज्यांच्या अखत्यारीत होती ते जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. हे वाक्य एका अर्थाने उदात्त आणि दुसऱ्या अर्थाने आरोपपत्र ठरते. स्वातंत्र्याविना विद्या आणि उद्यम जन्मत नाहीत, असे जो म्हणतो, त्याने ज्यांना स्वातंत्र्य नाकारले त्यांच्या श्रमाचे आणि हिरावलेल्या विद्येचे उत्तर द्यावयास हवे.

साखळी आणि टोपी : १७९३

मार्च १७९३ मध्ये टांकसाळीतून चलनासाठीचे पहिले सेंट बाहेर पडले. त्यांच्यावर ‘लिबर्टी’ हा एकच शब्द उरला होता; पुढचे वाक्य गळाले होते. कायद्याला तेवढाच शब्द अपेक्षित होता, आणि लाखोंच्या संख्येने पाडावयाच्या नाण्याच्या साच्यावर अक्षरे जितकी कमी तितके काम सुकर, ही व्यावहारिक बाजूही दृष्टीआड करता येत नाही. मागील बाजूस पंधरा कड्यांची साखळी होती. पंधरा संस्थानांचे ऐक्य दर्शविण्याचा तिचा हेतू फ्युजिओ सेंटवरील कड्यांशी मिळताजुळता होता. पण वृत्तपत्रांतील टीकेने तिला स्वातंत्र्याच्या दृष्टीने अपशकुन ठरविले आणि दर्शनी बाजूवरील स्त्री भेदरलेली दिसते, असाही शेरा मारला. छत्तीस हजारांवर नाणी पाडून ही रचना बंद करण्यात आली व साखळीच्या जागी पानांचे चक्र आले.

टीकाकारांनी साखळीत बेडी पाहिली, हा केवळ दृष्टिदोष नव्हता. या नाण्यांच्या काही दिवस आधीच, १२ फेब्रुवारी १७९३ रोजी, पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत करण्याची तरतूद करणाऱ्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली होती. कायदा आणि नाणे यांच्यात कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजात साखळी ही रोजच्या वापरातील वस्तू होती, त्या समाजात तिचा ‘ऐक्य’ हा अर्थ स्थिर राहणे अशक्य होते. नाण्यावरून साखळी हटविण्यास फार दिवस लागले नाहीत. समाजातून ती हटण्यास १८६५ उजाडावे लागले.

त्याच वर्षी काही नाण्यांवर काठीवरील टोपी आली. तिचे तात्कालिक मूळ फ्रँकलिन यांच्या कल्पनेवरून ऑग्युस्तँ द्युप्रे यांनी पॅरिसमध्ये घडविलेल्या ‘लिबेर्तास अमेरिकाना’ या पदकात आहे. ही टोपी मूळची रोमन असून मुक्त झालेल्या गुलामाची खूण आहे. १७९२ च्या उपर्युक्त चार नमुन्यांवर टोपी नाही, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. त्या नमुन्यांत स्वातंत्र्याची ओळख वाक्याने होते, तर १७९३ मध्ये वाक्य जाते आणि ओळख करून देण्याचे काम टोपीकडे येते. टोपीचा मूळ अर्थ पुढच्या पिढ्यांनाही ठाऊक होता. १८५५-५६ च्या सुमारास संसदभवनाच्या घुमटावरील ‘स्वातंत्र्य’ पुतळ्याच्या डोक्यावर अशी टोपी असण्यास युद्धसचिव जेफरसन डेव्हिस यांनी आक्षेप घेतला, तो याच कारणाने. परिणामी शिल्पकार थॉमस क्रॉफर्ड यांनी टोपीऐवजी शिरस्त्राण घडविले.

कडेवरील मजकुराचा प्रवासही असाच बोलका आहे. बर्च सेंटवरील ‘उपयोगी व्हा’ या उपदेशाची जागा १७९३ च्या काही सेंटवर ‘एका डॉलरचे शंभर’ या अर्थाच्या शब्दांनी घेतली. नीतिवाक्य गेले आणि कोष्टक आले.

मूल्यमापन

हॅमिल्टन यांचे दोन निकष येथे परस्परांविरुद्ध उभे राहतात. १७८३ चे नमुने साधे आहेत. पण त्यांचा संस्कार निवडकांपुरता मर्यादित आहे. गेट्झ यांचा नमुना साधा आणि ओळखण्यास सोपा आहे. पण त्याचा संस्कार राजेशाहीचा आहे. १७९२ चे चार नमुने साधेपणात उणे पडतात. लहानशा हाफ डिस्मवर तर ‘लिब. पार.’ अशी काटछाट करावी लागल्याने वाक्य अर्धेमुर्धे झाले आहे. मात्र संस्काराच्या कसोटीवर तेच सर्वांत श्रेष्ठ ठरतात. कारण केवळ शब्द आणि संपूर्ण वाक्य यांत मूलभूत फरक आहे. ‘स्वातंत्र्य’ हा एकटा शब्द काहीच प्रतिपादन करीत नाही, म्हणून तो खोटाही ठरू शकत नाही. गुलामांच्या खरेदीविक्रीतही तो शब्द कोरलेले नाणे बिनबोभाट मोजता येते. ‘विद्या आणि उद्यम यांचे जनक स्वातंत्र्य’ हे वाक्य मात्र एक सिद्धांत मांडते, आणि सिद्धांत तपासता येतो. वाक्य गळाल्याने नाणे अधिक सुबक झाले. परंतु राष्ट्राने स्वतःच्या हातात दिलेली एक कसोटीही त्याबरोबर निसटली.

यावर असा आक्षेप संभवतो की, नाण्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा करणे अवाजवी आहे. परंतु ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. उपयुक्त संस्काराची भाषा त्या काळच्या राज्यकर्त्यांचीच होती आणि त्यांनीच काही महिने का होईना, ते वाक्य चांदीवर आणि तांब्यावर कोरले होते.

समारोप

प्रतिनिधिगृहाने १७९२ मध्ये नाकारलेले मुख नंतर परत आले. १९०९ मध्ये सेंटवर लिंकन यांची प्रतिमा आली, १९३२ मध्ये पाव डॉलरवर वॉशिंग्टन आले. व्यवहारासाठीचा अखेरचा सेंट १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडला गेला, तोही लिंकन यांचे मुख घेऊनच. दास्यविमोचनाचा जाहीरनामा काढणाऱ्या अध्यक्षांचे मुख सेंटवर आले, यात इतिहासाने केलेली काहीशी भरपाई पाहता येईल. तथापि जॉन पेज यांचा मूळ आक्षेप त्यामुळे निकाली निघत नाही. २०१७ मध्ये टांकसाळीच्या सव्वादोनशेव्या वर्षानिमित्त काढलेल्या सोन्याच्या नाण्यावर स्वातंत्र्याची मुद्रा कृष्णवर्णीय स्त्रीच्या रूपात अवतरली. स्वातंत्र्याची आकृती कशी असते, या लिव्हरमोर यांच्या प्रश्नाला मिळालेले ते एक विलंबित, परंतु विचारपूर्वक दिलेले उत्तर होय.

आरंभकालीन नमुना नाण्यांचे महत्त्व ती थोडी उरली आहेत यात नाही. चलनातील नाणे राष्ट्राने काय ठरविले ते सांगते. नमुना नाणे राष्ट्र काय काय म्हणू शकले असते तेही सांगते. १७९२ च्या त्या मोजक्या नाण्यांवरील वाक्य सव्वादोन शतकांनंतरही वाचता येते आणि त्याने विचारलेला प्रश्न आजही शिळा झालेला नाही. त्या नाण्यांची नोंद किमतीच्या रकान्याबरोबरच त्यांवरील विधानाच्या रकान्यातही होणे, ही नाणकशास्त्राच्या अभ्यासकांकडून असलेली रास्त अपेक्षा आहे.